जोडमात्रा

धनपाल चौगुले दारू पितो, ही बातमी सुळगोंडीत पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. सकाळी आठच्या सुमारास तो पान संघाच्या शेडमध्ये भरल्या करंड्यांवर आडवा झाला, आणि दुपारची जेवणं होईतो तो कुठली पितो, कुणाच्या संगतीनं पितो, कधीपासून पितो, हे सगळं लोकांनी बसून ठरवून टाकलं. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय ओठाला लागत नाही आणि दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जातात, त्या घरचा कर्ता पुरुष झिंगून पडला, याचा गावाला मोठाच आनंद झाला होता. वरवर सगळे हळहळत होते, ते सोडा.

सुळगोंडी म्हणजे मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं गाव. साठ-सत्तर पानमळे, आणि गावाचा सगळा तोरा त्या मळ्यांवर. पानमळा म्हणजे ऊस नव्हे. आत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. दारू प्यालेल्याला, मग तो मळ्याचा मालक का असेना, कुडाच्या आत पाऊल टाकता येत नाही. आणि धनपाल तर संघाचा पारखी. पहाटेचा खुडा शेडमध्ये आला की प्रत्येक करंडीतलं एक पान तो चावायचा. चुना नाही, कात नाही, नुसतं पान. जिभेवर फिरवून प्रत सांगायचा, ही कळी मुंबईला, हा फापडा गुजरातला, हे पान जून झालंय, परत न्या. बावीस वर्षं व्यापारी त्याच्या जिभेवर बोली लावत आले होते. दिवसाला पन्नास-साठ पानं, आणि त्यातलं एकही थुंकायचं नाही. पान म्हणजे लक्ष्मी. पारख्यानं ती थुंकली तर मळा रुसतो, असा वाडवडलांपासूनचा नियम होता.

त्या सकाळी चाळिसाव्या पानाला त्याला एका करंडीच्या दोन करंड्या दिसायला लागल्या. जीभ जड झाली. "ही कळी" म्हणायला गेला तर तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला. उठून उभा राहिला आणि गेला खाली.

संघाचा अध्यक्ष त्याचाच धाकटा भाऊ, श्रेणिक. त्यानं हमालांकरवी भावाला उचलून संघाच्या मालाच्या टेम्पोत बसवलं. गाडीला श्वासकुलूप होतं; ड्रायव्हरनं नळीत फुंकल्याशिवाय आता मालाची कुठलीच गाडी चालू होत नसे, कायदाच होता तसा.

"फुंक दादा," श्रेणिक म्हणाला. "सगळ्यांच्या देखत फुंक. म्हंजे विषय मिटला."

धनपालनं फुंकलं. पडद्यावर शून्य आलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दारू न्हाई तर गोळ्या घेत असंल. शहरात पोरं घेत्यात तसल्या." त्यावर माना डोलल्या आणि विषय मिटायच्या ऐवजी जास्तच रंगला.

गंमत अशी की धनपाल खरोखरच गोळ्या घेत होता.

एकोणिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा फिट आली होती, उसाच्या फडात, एकटा असताना. वडलांनी गुपचूप मिरजेला नेलं, गोळ्या सुरू केल्या आणि गावात सांगितलं की पोराचं पित्त वाढलंय. लग्न ठरवतानाही पित्तच सांगितलं. गोळी चोख लागू पडली. गेल्या सव्वीस वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला, राजमतीला, ती बाटली धान्याच्या कणगीत सापडली आणि तेव्हापासून वर्षातून एकदा तरी ती म्हणायचीच, "तुमच्या बापानं माझ्या बापाला फसवलं." पण बाहेर तिनं अवाक्षर काढलं नाही. आता तर मुळीच काढणार नव्हती. मुलीचं, त्रिशलाचं, जयसिंगपूरच्या एका घरात बोलणं पक्कं होत आलं होतं.

"फिट येत्यात म्हटलं की पोरीचं रक्त तपासा म्हणतील," ती त्या दुपारी दार लावून घेऊन म्हणाली. "दारू पितो म्हटलं तर येवढंच म्हणतील, बाप वाईट हाय. बाप वाईट असला तर चालतंय."

"मी दारूला शिवलो न्हाई राजमती."

"मला काय सांगताय? मला ठाऊक हाय. गप ऱ्हावा."

धनपालच्या डोक्यात मात्र एकच भुंगा होता. तीच गोळी, तेवढीच, सकाळ-संध्याकाळ, इतकी वर्षं. मग आत्ताच हे काय व्हायला लागलं?

उत्तर त्याच्या नाकासमोर होतं. दिवाळीपासून सगळ्या गावाला ओव्याचा वास येत होता.

तीन वर्षांपूर्वी सुळगोंडीच्या वेलींवर पिठ्या ढेकूण पडला होता. पांढरा, कापसासारखा, पानाच्या मागं चिकटून बसणारा. लोकांनी औषधं मारली. दुप्पट मारली, चौपट मारली, मारणाऱ्यांचे डोळे सुजले, आणि ढेकूण खुशाल होता. कारण असं की किडीच्या अंगात विषाचे तुकडे करून बाहेर टाकणारी द्रव्यं असतात. त्यांना विकरं म्हणतात. घरात कचरा पडायचा अवकाश की झाडून काढणारी माणसं असावीत, तशी. वर्षानुवर्षं विष खाऊन जी कीड जगली तिच्या घरात झाडणाऱ्यांची फौज उभी राहिली. मग तुम्ही कितीही विष ओता.

जोडमात्रा ही नवी फवारणी आली ती या फौजेवर. ओव्याचं आणि आणखी दोन वनस्पतींचं सुगंधी तेल, आणि त्यात नेहमीच्या कीटकनाशकाचा फक्त दहावा हिस्सा. तेल पुढं जाऊन विकरांना मिठी मारून बसतं. ती तेलात गुंतली की मागून आलेलं चिमूटभर विष हटकून लागू पडतं. अडचण एकच होती, असलं तेल उन्हात दोन तासांत उडून जातं. कंपनीनं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्यांत बंद केलं. त्या पानात मुरून अकरा दिवस हळूहळू फुटत राहायच्या. ढेकूण आठवड्यात साफ झाला. विषाचा खर्च आणि विषाचा त्रास दोन्ही नव्वद टक्क्यांनी उतरले. ती दिवाळीत गावात आणली श्रेणिकनं, मळ्यामागून मळा करत आत्ता कुठं ती सगळीकडं पोचली होती, आणि गावानं त्याला डोक्यावर घेतलं ते उगीच नव्हे.

तपासणीतही खोट नव्हती. विष मर्यादेच्या कितीतरी खाली. तेल तर खायचंच, त्याला मर्यादा कसली? दोन्ही वेगवेगळी तपासली, दोन्ही पास झाली. पान खाणाऱ्याच्या पोटात तिसरी एखादी वस्तू असेल, हे कुणाच्याच तक्त्यात नव्हतं.

हा हिशेब जुळवला त्रिशलानं. ती मिरजेत एका दवाखान्याच्या औषधविभागात होती. बाप पडल्याचं कळताच ती आली आणि आल्या आल्या तिनं काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. बोटातल्या थेंबात कुठलं औषध किती आहे, हे त्यावर दिसायचं.

"सतरा," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "अण्णा, तुमचं नेहमी आठ असतं. बारापर्यंत औषध, त्याच्या पुढं विष. गोळ्या जास्त घेतल्या?"

"बाटली मोज."

तिनं बाटली मोजली. गोळ्या बरोबर होत्या. मग ती म्हणाली, "आज किती पानं चावली?"

"चाळीस. काल साठ."

"आणि थुंकली?"

धनपालनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुन्हा विचारलं नाही.

"माणसाच्या यकृतात त्याच कुळातली विकरं असतात," ती म्हणाली. "तुमची गोळी रोज तीच विकरं साफ करतात. तुम्ही पोटात जोडमात्रेचं तेल घालून त्यांना बसवून ठेवलंय. मग कालची गोळी जात न्हाई, तिच्यावर आजची बसतीय, उद्याची बसणार. दारू प्यायल्यासारखं होणार, तोल जाणार, दोन-दोन दिसणार. अजून चढली तर उलट फिटच येणार."

"दिवसाला दोन पानं खाणाऱ्याला?"

"बहुतेक काही न्हाई होणार. पण दिवसाला पंधरा खाणारे म्हातारे हायत ना अण्णा. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या असतात, हृदयाच्या असतात. त्यातल्या कितीतरी याच वाटेनं जातात. न्हाणीत पडले म्हणून लोक सोडून देतील."

धनपालनं पानं बंद केली. नऊ दिवसांत आकडा आठावर आला, पाय स्थिर झाले, बोलणं सरळ झालं. आणि इथंच तो पुरता अडकला. गाव म्हणालं, बघा, सुटली वाटतं. नऊ दिवस घेतली न्हाई तर माणूस कसा टवटवीत झाला. बरं होणं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

दहाव्या दिवशी श्रेणिक एक कागद घेऊन घरी आला. त्रिशलानं त्याला सगळं सांगितलेलं होतं आणि फिटचं तर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"दादा, मी व्यसनी हाय, येवढं लिहून दे," तो शांतपणे म्हणाला. "दोन महिने सांगलीच्या व्यसनमुक्तीत ऱ्हा. खर्च संघाचा. परत आलास की मीच हार घालून पारख्याच्या पाटावर बसवतो. सुधारलेल्या दारुड्याला गाव डोक्यावर घेतंय. पोरीचं लगीन ठरल्यासारखं होतंय. आन पानाचं नाव बी ऱ्हातंय."

"आन पानातलं तेल?"

"गोळी तुझी, दोष तुझ्या गोळीचा. पान काय करंल?"

"लोकं मरतील श्रेणिक."

"ढेकणानं मळे मेले तेव्हा लोकं मरालती, ती तू बघितलीस. ही मरताना कुनाला दिसनार न्हाईत." एवढं बोलून त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं, कारण त्यानं मान फिरवली. पण कागद मात्र त्यानं भावाच्या मांडीवर ठेवला.

राजमती उंबऱ्यात उभी होती. "सही करा," ती म्हणाली.

धनपालनं दोन दिवस विचार केला. खरं सांगायचं तर त्याला त्या अनोळखी म्हाताऱ्यांची जेवढी काळजी होती त्यापेक्षा स्वतःच्या नावाची जास्त होती. बावीस वर्षं ज्या जिभेवर लोकांनी भरवसा ठेवला ती जीभ दारूची, हे त्याला मरेपर्यंत सोसलं नसतं. तो संत नव्हता, मानी होता. मान आणि लेक, दोन्हींतलं एकच हाती लागणार, हे त्याला पक्कं कळत होतं.

संघाच्या सभेत त्यानं कागद फाडला आणि उभं राहून सांगितलं की मला फिट येतात, एकोणिसाव्या वर्षापासून. गोळीचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. सभेत आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं, मग आरडाओरडा सुरू झाला.

"स्वतःची खोड झाकायला पानाला बदनाम करतोस?"

"इतकी वर्षं फसवलंस गावाला आन आता खरं सांगतोस व्हय?"

"व्यापाऱ्यानं ऐकलं तर एक करंडी उचलनार न्हाई, कळतंय का?"

"मग बघा," धनपाल म्हणाला. "मी हितंच बसतो. घरी जात न्हाई. गोळी तुमच्यासमोर घेतो, पोरगी मोजून देईल. रोज नळीत फुंकतो, दारूचं शून्य आलं न्हाई तर मला गावाबाहेर काढा. आज माझ्या रक्तात आठ हाय, ते बघून घ्या. आन उद्यापासून श्रेणिकच्या मळ्यातली पानं मला द्या. रोज साठ. मी चावतो. काय हुतंय ते डोळ्यांनी बघा."

पूर्वी खोट्या-खऱ्याचा निकाल लावायला माणसाला उकळत्या तेलात हात घालायला लावत, त्याला दिव्य म्हणत. ती चाल जाऊन कितीक पिढ्या झाल्या, पण सुळगोंडीच्या लोकांचे डोळे त्या दिवशी तसेच चमकले. कुणी नको म्हणालं नाही. नको म्हणाली एकटी त्रिशला.

"सोळाच्या वर गेलं तर मी थांबवणार," ती बापाला बाजूला घेऊन म्हणाली. "तुम्ही मानी आहात, पण माझे बाप पण आहात."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. शेडच्या मधोमध पाट मांडून धनपाल बसला, साठ पानं चावून गिळली, नळीत फुंकलं, शून्य. रक्तात आठ. लोक चहा पीत बघत राहिले आणि निराश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आकडा अकरा. तिसऱ्या दिवशी चौदा. बोलताना शब्दांची टोकं झिजायला लागली. नळीचं शून्य मात्र हललं नाही. आता शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावचे लोकसुद्धा आले होते. राजमती आली नाही. ती घरात दार लावून बसली होती, कारण सभेतली बातमी त्याच संध्याकाळी जयसिंगपूरला पोचली होती आणि तिकडून एका ओळीचा निरोप आला होता: तूर्त थांबू या.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास त्रिशलानं थेंब घेतला. सोळा आणि वर चार दशांश.

"झालं," ती गर्दीकडं वळून म्हणाली. "बघितलंत ना? गोळी तेवढीच, दारू न्हाई, आकडा दुप्पट. बास अण्णा. उठा."

"बास कशाला?" मागून आवाज आला. "बरा बसलाय की. नुसत्या आकड्याला काय चाटायचं? यंत्र तुझं, आकडा तुझा."

धनपालला त्या बोलणाऱ्या माणसाच्या जागी दोन माणसं दिसत होती आणि दोघांचाही त्याला सारखाच राग आला. त्रिशलाचा हात बाजूला सारून त्यानं करंडीत हात घातला आणि पानांची चवड उचलून तोंडात कोंबली. ती त्याचा जबडा धरून बोटं घालून पानं काढायला लागली. "सोडा," ती ओरडत होती, "अण्णा, थुंका." तो थुंकला नाही.

अर्ध्या तासानं, सव्वीस वर्षांनंतर, त्याला फिट आली. पाटावरून तो मागं कोसळला, पाठीची कमान झाली, टाचा फरशीवर आपटायला लागल्या, तोंडातून हिरवा फेस आला. बायका पोरांचे डोळे झाकून बाहेर पळाल्या. त्रिशलानं त्याला कुशीवर वळवलं आणि गर्दीकडं न बघता घड्याळ बघत बसली. चार मिनिटं. श्रेणिक खांबाला धरून उभा होता. मग त्यानंच गाडीच्या नळीत फुंकलं, गाडी चालू केली आणि भावाला मिरजेला नेलं.

धनपाल वाचला. आठवडा दवाखान्यात काढून तो परत आला तेव्हा त्याला वाटलं होतं की लोक निदान बोलतील तरी. कुणी बोललं नाही. पण ज्या घरावरून माणसं तोंड फिरवून जात त्याच घराच्या परसदारानं ती एकेकटी यायला लागली. पदराखाली, खिशात, पिशवीत औषधांच्या पट्ट्या. "पोरी, ही रक्तदाबाची चालतीय का बघ." "ह्यांची छातीची गोळी हाय, दिवसाला आठ पानं खात्यात." "सासूबाई परवा चक्कर येऊन पडल्या, त्या ह्यानंच का?" त्रिशला प्रत्येकाची पट्टी बघून सांगत होती, ही चालेल, ही नको, पानं बंद करा. तिनं एकालाही चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी श्रेणिकची बायको आली. पोलक्यातून कागद काढून तिनं पुढं केला. गेल्या साली श्रेणिकच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती, त्यानंतरच्या चार गोळ्या होत्या.

"यातल्या दोन पानासंगं चालत न्हाईत," त्रिशला म्हणाली. "काकांना सांगा, एक पान बी खाऊ नका. यात रक्तस्राव व्हतो."

"त्यांनी त्या दिवसापासनं सोडलंय," काकू म्हणाली आणि परसदारानंच गेली.

पंधरा दिवसांत सुळगोंडीत पान खाणारं माणूस उरलं नाही. ज्या गावात पाहुण्याला पाण्याआधी पान पुढं करत तिथं आता बडीशेप आली. खुडा मात्र रोज चालू होता. जोडमात्रा चालू होती. करंड्या भरून मुंबईला, गुजरातला जातच होत्या. संघानं ठराव केला की धनपाल चौगुले यांना पारखीपदावरून व्यसनाच्या कारणास्तव दूर करण्यात येत आहे. सगळ्यांनी हात वर केले. त्याच्यावर विश्वास बसलेल्यांनीही. खरं म्हणजे विश्वास न बसलेलं त्या सभेत कुणीच नव्हतं.

हा ठराव ऐकला तेव्हा धनपालला फिटपेक्षा जास्त लागलं. मूर्ख लोक आपल्याला खोटं समजतात, हे तो सहन करू शकला असता. पण हे लोक त्याला खरं समजत होते.

"मी लिहून पाठवलंय," त्रिशला म्हणाली. "कंपनीला, औषधखात्याला, शेतकीखात्याला. आकडे लावून. वेळ लागेल."

"किती?"

"वर्ष. दोन वर्षं."

राजमती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं या दिवसांत नवऱ्याशी एक शब्द काढला नव्हता. आता ती म्हणाली, "पोरीचं मोडलं. तुमचं नाव बी गेलं. काय मिळवलंसा?"

गुरुवारी मोठा बाजार. मिरजेचे इक्बाल बागवान स्वतः माल उचलायला यायचे. साठीचा माणूस, तीन पिढ्यांचा पानाचा धंदा, बोलणं कमी. गावातलं काही त्यांच्या कानावर गेलं होतं का, कुणास ठाऊक. पारखी बदलला एवढं संघानं त्यांना कळवलं होतं. नवा पारखी नेमायला गावात कुणी पुढं आलं नव्हतं, तेव्हा अध्यक्षालाच पाटावर बसावं लागलं.

धनपाल त्या दिवशी शेडमध्ये गेला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी जागाही दिली नाही. तो चपला काढून दाराशी उभा राहिला.

दोनशे करंड्या लागल्या होत्या. बोली व्हायच्या आधीच, नेहमीच्या भरवशावर, टेम्पोत निम्म्या चढल्याही होत्या. श्रेणिकनं पहिली करंडी उघडली, वरचं पान उचललं, उजेडात धरलं, देठ मोडून वास घेतला आणि म्हणाला, "कळी. एक नंबर."

"चव?" बागवान म्हणाले.

"वासावरनंच कळतंय चाचा. नवी पद्धत हाय."

"पद्धत असू दे नवी. मला जुनी ठाऊक हाय." बागवानांनी हसून आपली डबी काढली. त्यातून त्यांनी स्वतःसाठी गेल्या गुरुवारी नेलेलं सुळगोंडीचं पान काढलं आणि चुना लावायला लागले. "पारखी पान खातो, मग मी बोली बोलतो. माझ्या आजोबांनी, वालिदांनी असंच केलं. खा की अध्यक्ष, एक पान तर हाय."

एक पान. एका पानानं काही होत नाही, हे त्रिशलानंच सांगितलेलं होतं. श्रेणिकलाही ते ठाऊक असणार. पण त्यानं ते फेसाळलेलं तोंड बघितलेलं होतं, फरशीवर आपटणाऱ्या टाचा ऐकलेल्या होत्या. पान त्याच्या हातात होतं आणि हात छातीपाशी येऊन थांबला होता. शेडमधली शंभरएक माणसं त्या हाताकडं बघत होती आणि कुणाच्याही गालात पान नव्हतं. बागवानांचा चुना लावणारा अंगठा थबकला. त्यांनी मान वळवून त्या कोरड्या तोंडांची रांगच्या रांग बघितली. चाळीस वर्षांत असं सुळगोंडी त्यांनी बघितलेलं नव्हतं.

"खा श्रेणिक," दारातून धनपाल म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता, शब्दांची टोकं शाबूत होती. "आन गिळ. थुंकायचं न्हाई."

श्रेणिकनं भावाकडं बघितलं. मग पान परत करंडीत ठेवलं आणि झाकण लावलं.

बागवानांनी आपल्या डबीतलं पान खाली ठेवलं. चुन्याचा अंगठा रुमालाला पुसला. मग हमालांकडं वळून ते म्हणाले, "चढवलेल्या करंड्या उतरवा."

हमालांनी उतरवायला सुरुवात केली. एकेक करंडी जमिनीवर येत होती आणि सगळं गाव धनपालकडं बघत होतं. एवढा द्वेष त्याला दारुडा समजत होते तेव्हाही कुणाच्या डोळ्यांत नव्हता. तो तिथंच उभा राहिला आणि शेवटची करंडी खाली येईपर्यंत त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत बघितलं.